जुन्या एंजिनाला नवें बळ

जुनी वस्तु आहे तशीच जपून ठेवावी, कीं काळाप्रमाणें तिच्यांत फेरफार करून ती वापरांत आणावी, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार निघत असतो. वडिलोपार्जित वाड्याची माडी उतरवून गच्ची करावी कीं नाहीं, आजीच्या पाटल्या मोडून नव्या घडणीच्या बांगड्या कराव्या कीं नाहीं, यावर एकाच माजघरांत दोन तट पडलेले आपण पाहतों. एक पक्ष म्हणतो, 'वस्तु जशी आली तशीच पुढच्या पिढीच्या हातीं द्यावी.' दुसरा म्हणतो, 'जी वापरांत नाहीं, ती असून नसल्यासारखीच.' दोन्ही पक्षांचें म्हणणें थोडथोडें खरें असतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

हाच वाद जुन्या मोटारीच्या एंजिनाविषयीं निघाला म्हणजे त्याचा निकाल आवडीनिवडीवर सोडतां येत नाहीं; तेथें मापें व गणित यांचा अधिकार चालतो. घरांतील वडीलधाऱ्यांनीं जतन केलेली जुनी धांवती मोटार तरुणांच्या हातीं येते, आणि तिचें एंजिन उघडण्याची वेळ आली कीं पहिला प्रश्न हाच निघतो, कीं 'आतां उघडलेंच आहे, तर थोडें बळ कां वाढवूं नये?' हा प्रश्न वावगा नाहीं. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं एंजिनाला बळ येतें कोठून आणि त्याची किंमत कोण देतें, हें समजून घेतलें पाहिजे.

अशा विचाराला कोल्हापूर हें शहर फार योग्य आहे. दसऱ्याच्या दिवशीं छत्रपतींची स्वारी जुन्या मेबॅक मोटारींतून दसरा चौकांत येते, आणि ती मोटार पाहावयास लहानथोर उभे राहतात. येथील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या धांवपट्टीवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. आणि बळाविषयींची आस्था तर येथें पिढ्यान्‌पिढ्यांची. शाहू महाराजांच्या वेळीं, १९१२ सालीं पुरें झालेलें खासबागेचें कुस्त्यांचें मैदान तिची साक्ष देतें. तालमींतील वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशीं हजार जोर काढावयास लावीत नाहीं. आधीं त्याची छाती, सांधे आणि दम पाहतो, मग खुराक वाढवितो. आमच्या मतें जुन्या एंजिनाला बळ देण्याची रीत याहून फारशी निराळी नाहीं.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही येथें एकच मोटार उदाहरणादाखल घेतों. एम्. जी. कंपनीची 'टी. सी.' ही स्पोर्ट्‌स मोटार इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत तयार होत असे. तशा सुमारें दहा हजार गाड्या निघाल्या, व त्यांतील कांहीं आपल्या देशांतही आल्या. दोघांपुरती बैठक, आऱ्यांचीं उंच चाकें, पुढें लांबट नाक आणि वर कापडी छप्पर, असें तिचें रूप आहे. तिच्या एंजिनांत चार नळकांडीं असून त्यांचें एकूण आकारमान १२५० घन सेंटिमीटर आहे. प्रत्येक नळकांड्याचा व्यास साडेसहासष्ट मिलिमीटर, आणि दट्ट्याची खालवर चाल नव्वद मिलिमीटर. मिनिटाला ५२०० फेरे घेत असतां हें एंजिन ५४ अश्वशक्ति देतें. आजच्या साध्या घरगुती मोटारीला ऐंशीच्या आसपास अश्वशक्ति असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे तरुण मंडळींना या आंकड्याचें असमाधान कां वाटतें तें समजतें.

आतां हें बळ येतें कोठून? आमच्या वाचक-भगिनींना हें समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. चुलींत कितीही लांकडें कोंबलीं तरी वारा मिळाल्याशिवाय जाळ होत नाहीं. उलट धूरच अधिक होतो. एंजिनाचेंही असेंच आहे. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणें ही सोपी गोष्ट आहे. जास्त हवा आंत घेणें हें खरें काम. मिनिटाला ५२०० फेरे असतां प्रत्येक नळकांडें एका सेकंदांत सुमारें ४३ वेळां श्वास घेतें, आणि तितक्याच वेळां तो सोडतें. एवढ्या अल्प वेळांत अरुंद वाटेनें, झडपेच्या कडेनें, जेवढी हवा आंत शिरेल तेवढेंच बळ.

येथें कोल्हापूरकरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे. त्यामुळें येथील हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाहून सुमारें सहा टक्क्यांनीं कमी असतो, आणि त्याच प्रमाणांत एंजिनाच्या प्रत्येक श्वासांतील हवाही कमी भरते. म्हणजे कारखान्यानें लिहिलेली ५४ अश्वशक्ति येथें आधींच पन्नास-एकावन्नावर आलेली असते. त्यांत वैशाखांतील उन्हाची तापलेली, विरळ हवा आली कीं आणखी तूट पडते. जुनी मोटार 'बसली' असें म्हणण्यापूर्वीं एवढी वजावट करून पाहणें न्यायाचें होईल.

बळ वाढविण्याच्या मुख्य वाटा तीन. नळकांडीं मोठीं करून प्रत्येक घोंट मोठा करावयाचा, ही पहिली. आंत घेतलेलें मिश्रण अधिक दाबून मग पेटवावयाचें, ही दुसरी. आणि श्वासाची वाट मोकळी करून एंजिन अधिक वेगानें फिरवावयाचें, ही तिसरी. प्रत्येक वाटेवर कांहीं मिळतें आणि कांहीं द्यावें लागतें.

पहिली वाट घेऊं. झिजलेलें नळकांडें पुन्हां गोल करण्यासाठीं बोअर मारावाच लागतो, आणि त्यांत थोडा अधिक व्यास घेतां येतो. कारखान्यांतून हें माप 'थाउ'मध्यें, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, बोललें जातें. माणसाचा केंस दोन-तीन थाउ जाडीचा असतो. टी. सी.च्या नळकांड्यांना साठ थाउ वाढ दिली तर व्यास सुमारें ६८ मिलिमीटर होतो आणि १२५० चें आकारमान १३०८ वर जातें. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास! खुद्द कारखान्यानें १९५४ सालीं याच घराण्यांतील 'टी. एफ्.' मोटारीसाठीं व्यास ७२ मिलिमीटर करून आकारमान १४६६ पर्यंत नेलें. परंतु त्यासाठीं ब्लॉकचें ओतीवच बदलावें लागलें. आणि फळ काय मिळालें? आकारमान सतरा टक्क्यांनीं वाढलें, पण अश्वशक्ति सत्तावन्नावरून त्रेसष्टावर, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपासच गेली. पोट वाढलें तरी नाकपुड्या तितक्या मोठ्या झाल्या नव्हत्या, हेंच याचें कारण. मात्र एक मोठा लाभ झाला. लहान एंजिनाला पूर्ण बळासाठीं ५५०० फेरे लागत. मोठ्याला ५००० पुरूं लागले. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बोअर मारण्याची एक गोष्ट मोटारींच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १९३९ च्या मे महिन्याच्या अखेरीस गोल्डी गार्डनर या इंग्रज गृहस्थानें जर्मनींत डेसाउ येथील सडकेवर एम्. जी.ची खास बनविलेली मोटार ताशीं २०३ मैलांहून अधिक वेगानें हांकली आणि ११०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या वर्गाचा उच्चांक मोडला. लगेच त्याच्या माणसांनीं एंजिन मोटारींतच ठेवून जागच्या जागीं बोअर मारला, आकारमान ११०६ केलें, आणि दोन दिवसांनीं तीच मोटार वरच्या, १५०० पर्यंतच्या, वर्गांत ताशीं २०४ मैलांहून अधिक धांवली. येथें बोअरनें बळ वाढलें नाहीं. केवळ वर्ग बदलला. खरें बळ होतें सुपरचार्जरचें, म्हणजे हवा जबरीनें आंत कोंबणाऱ्या पंपाचें. त्याच्या जोरावर एवढेंसें एंजिन सुमारें २०० अश्वशक्ति देत होतें. पण तें एंजिन कांहीं मैलांच्या पराक्रमासाठीं घडविलेलें होतें, आणि प्रत्येक धांवेनंतर उघडून तपासण्यास कुशल माणसें हजर होतीं. घरच्या मोटारीनें त्याचा हेवा करण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी वाट दाबाची. टी. सी.च्या एका नळकांड्यांत वर उरणारी जागा पन्नास घन सेंटिमीटरांची आहे. त्यामुळें मिश्रण सव्वासातपट दाबलें जातें. हेड घांसून ही जागा बेचाळिसाच्या आंत आणली तर दाब साडेआठपट होतो. गणितानें पाहिलें तर तेवढ्याच पेट्रोलांतून सुमारें पांच टक्के अधिक काम निघतें. हा लाभ खरा आहे, कारण तो इंधन न वाढवितां मिळतो. परंतु दाब फाजील झाला कीं मिश्रण शांतपणें जळण्याऐवजीं एकदम भडकतें, आणि दट्ट्याच्या माथ्यावर हातोड्याचे घाव बसल्यासारखा आवाज येऊं लागतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. चढावर असा आवाज ऐकून न ऐकल्यासारखें करणारा चालक आपल्या हातानें दट्ट्ये फोडीत असतो.

तिसरी वाट सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवी. हवेच्या वाटा घांसून गुळगुळीत कराव्या, बाहेरची नळी आणि हेडचें तोंड यांच्या जोडावर राहिलेली पायरी काढावी, झडपा नीट बसवाव्या, हें सर्व उत्तमच. त्यांत तोटा कांहीं नाहीं. परंतु पुढें झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट घालून फेरे ५२०० वरून ६००० वर नेण्याचा मोह होतो. दट्ट्या हा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां थांबतो आणि दोनदां धांवतो. ही ओढाताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे फेरे पंधरा टक्के वाढविले कीं कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि क्रँकशाफ्ट यांच्यावरील ताण सुमारें तेहतीस टक्क्यांनीं वाढतो. पाऊणशें वर्षांच्या पोलादावर हा बोजा टाकावयाचा कीं नाहीं, हें मालकानें ठरवावें. पण आंकडा समोर ठेवून ठरवावें.

ही कामें करणारे हात कोल्हापुरांत आहेत, हें या शहराचें भाग्य. शिवाजी उद्यमनगरांतील अरुंद रस्त्यांवरून सकाळीं फिरलें तर एका दारांत बोअरचें यंत्र, दुसऱ्यांत क्रँक घांसण्याचें, तिसऱ्यांत लेथ, आणि पलीकडे झडपांच्या बैठकी कापणारा कारागीर, असा सगळा संसार दिसतो. हा संसार उसानें उभा केला असें म्हटलें तरी चालेल. मळ्यांना पाणी देणारीं तेल-एंजिनें व गुऱ्हाळांचे चरक चालते ठेवणें ही येथील शेतकऱ्याची रोजची गरज होती. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हां येथील मिस्त्रींना ते स्वतः ओतून व कातून तयार करावे लागले. त्यांतून जी विद्या वाढली, तिच्या आधारावर आज शहरांत आणि शिरोली, गोकुळ-शिरगांव, कागल येथील वसाहतींतून शेंकडों ओतशाळा व यंत्रशाळा चालत आहेत, आणि त्यांतील माल परदेशींही जातो.

चांगला मिस्त्री काम कसें करतो, हें पाहण्यासारखें असतें. तो प्रथम एंजिन खोलून, धुऊन, प्रत्येक भाग मोजतो. नळकांडें वरच्या अंगाला अधिक झिजलेलें असतें, म्हणून तो वर, मध्यें व खालीं, आडवें आणि उभें, अशीं निरनिराळीं मापें घेतो. क्रँकशाफ्टला चुंबकाच्या परीक्षेनें कोठें केंसाएवढी चीर आहे काय तें पाहतो. चीर असली तर पुढचा सर्व विचार तेथेंच थांबतो. नवे दट्ट्ये प्रत्यक्ष हातीं येऊन मोजल्याशिवाय तो बोअरला हात लावीत नाहीं. कारण दट्ट्यावरून नळकांडें बेतावयाचें असतें, नळकांड्यावरून दट्ट्या नव्हे. चारी रॉड व दट्ट्ये तो तराजूंत घालतो आणि सर्वांत हलक्याच्या बरोबरीला बाकीचे आणतो, म्हणजे एंजिन फिरतांना थरथरत नाहीं. या तोलानें अश्वशक्तीचा आंकडा वाढत नाहीं. परंतु जेवढें बळ आहे तेवढें निर्वेधपणें चाकांपर्यंत पोंचतें, आणि बेअरिंगें टिकतात. शेवटीं, पहिले कांहीं शें किलोमीटर नव्या एंजिनाला दमानें चालवावें, हें तो मालकाला बजावून सांगतो. तें ऐकणारे मालक थोडे.

इंधनाविषयींही चार शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्या देशांत २०२५ सालीं पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. हें इथेनॉल बव्हंशीं ऊंस व धान्य यांपासून होतें; म्हणजे ज्या उसानें कोल्हापूरची यंत्रविद्या वाढविली, त्याचाच अंश आतां जुन्या मोटारीच्या टांकींत येऊन पडला आहे! त्याचा एक गुण असा, कीं तो नॉकिंगला आळा घालतो. त्यामुळें दाब थोडा वाढविणें आज पूर्वींपेक्षां सुरक्षित झालें आहे. परंतु एक लिटर इथेनॉलांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते, आणि त्याला हवाही कमी लागते. म्हणून कार्ब्युरेटरचें माप जुनेंच ठेवलें तर मिश्रण पातळ पडतें, एंजिन तापतें आणि झडपा जळतात. शिवाय जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील बुचाच्या चकत्या इथेनॉलनें खराब होऊन गळूं लागतात. त्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या. पेट्रोलची गळती ही घराला आग लावणारी गोष्ट आहे; तिच्यापुढें अश्वशक्तीची चर्चा गौण होय.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं बळ हवें तें कशासाठीं? सपाट रस्त्यावरील वेगाचा हिशेब फार निराशाजनक आहे. वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध इतका वाढतो, कीं लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत चढते. ५४ च्या जागीं ६३ अश्वशक्ति आली तरी ताशीं १२० किलोमीटरचा वेग फार तर १२६ वर जाईल. आणि यदाकदाचित् तो १३५ वर नेलाच, तर थांबतांना ब्रेकांना सव्वापटीहून अधिक उष्णता सोसावी लागेल, टी. सी.चे ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे राहतात. ज्याला एंजिन वाढवावयाचें आहे, त्यानें आधीं ब्रेक, स्टिअरिंग आणि रेडिएटर यांची परीक्षा करावी.

पण आपले रस्ते केवळ सपाट नाहींत. कोल्हापुरांतून निघालें कीं पन्हाळ्याचा चढ आहे, गगनबावड्याची वाट आहे, रत्नागिरीकडे जातां आंबा घाट आहे. तेथें उपयोगीं पडतें तें कमी फेऱ्यांवर मिळणारें, ओढून नेणारें बळ. वर सांगितलेल्या १४६६ च्या एंजिनाचा धडा येथें कामीं येतो. मोठ्या आंकड्याच्या नादीं न लागतां, झिजेपुरता बोअर, बेतानें वाढविलेला दाब, मोकळ्या केलेल्या हवेच्या वाटा आणि उत्तम तोल, एवढें केलें आणि फेऱ्यांची मर्यादा कारखान्यानें घातली तीच ठेवली, तर मोटार घाट सुखानें चढते आणि पोलादावरही जुलूम होत नाहीं. घरगुती वापराच्या मोटारीला हेंच बळ शोभतें, असें आमचें मत आहे.

राहिला जपणूक कीं सुधारणा हा वाद. त्याचा निवाडा करण्यास एक सोपी कसोटी आहे. जो फेरफार पुन्हां उलटवितां येतो तो आधीं करावा. जो उलटवितां येत नाहीं तो शेवटीं, आणि अगदीं थोडा करावा. कॅमशाफ्ट, स्प्रिंगा, कार्ब्युरेटर हे बदललेले भाग उद्यां काढून मूळचे पुन्हां बसवितां येतात. परंतु ब्लॉकमधून व हेडमधून घांसलेलें लोखंड परत येत नाहीं. नळकांड्याला एकंदर साठ थाउ वाढ सोसत असेल आणि आजची झीज वीस थाउंत निघत असेल, तर वीसच घ्यावे. उरलेले चाळीस ही पुढच्या पिढीची ठेव आहे. व्याजावर संसार करणारा गृहस्थ आणि मुद्दलाला हात घालणारा गृहस्थ यांत आपण जो भेद करतों, तोच येथेंही करावा. नळकांडें फारच वाढलें तर आंत नवी स्लीव्ह बसवितां येते, हें खरें. पण तो कर्ज काढून घर वांचविण्यासारखा शेवटचा उपाय होय.

म्हणून ज्या घरांत अशी मोटार असेल, तेथें दोन गोष्टी अवश्य कराव्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदांत गुंडाळून, वर चिठ्ठी लावून पेटींत ठेवावा. आणि एक वही घालावी. तींत कोणत्या तारखेला किती थाउ बोअर घेतला, हेड किती घांसलें, क्रँक कोणत्या मापावर आणला, कोणत्या मापाचीं बेअरिंगें घातलीं, हें मिस्त्रीकडून विचारून स्वच्छ अक्षरांत लिहावें. वीस-पंचवीस वर्षांनीं दुसरा कोणी मिस्त्री तें एंजिन उघडील, तेव्हां पूर्वीं काय घेतलें आणि अजून काय शिल्लक आहे, हें त्याला त्या वहीवरून कळेल. घरांतील मुलांपैकीं ज्याला या कामाची गोडी असेल, त्याच्याच हातीं ती वही द्यावी, आणि मापें घेतांना त्याला मिस्त्रीच्या शेजारीं उभें करावें.